रेकॉर्डरचे एकल संगीत: फान आइकपासून बेरिओपर्यंत

रेकॉर्डर या पाश्चात्त्य बासरीत जोरात फुंकले की स्वर मोठा होतो, पण त्याबरोबर तो चढतोही. हलके फुंकले की तो बारीक होतो आणि उतरतो. या वाद्याविषयी जे काही बरेवाईट बोलले जाते, त्याचे मूळ बहुतांशी या एका गोष्टीत आहे. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर ते मैफलींतून मागे पडले त्याचे एक मोठे कारण हेच होते. विसाव्या शतकात ‘शाळेतल्या मुलांच्या हाती सुरुवातीला द्यायचे वाद्य’ अशी त्याची ओळख रूढ झाली, तिच्यामागेही हीच समजूत होती, की ज्यावर आवाज मोकळेपणाने लहानमोठा करता येत नाही त्या वाद्यातून भाव कसा व्यक्त होणार. मी हे वाद्य बरीच वर्षे लक्षपूर्वक ऐकत आले आहे आणि थोडेफार वाजवतेही. रेकॉर्डरसाठी लिहिले गेलेले सर्वोत्तम संगीत या अडचणीला वळसा घालून पुढे गेलेले नाही, ते तिच्या पोटातूनच आले आहे, असे माझे मत बनले आहे; आणि ते मत कशावर उभे आहे हे येथे सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी वाद्याची रचना. पाव्याप्रमाणे रेकॉर्डर उभा धरून वाजवतात. त्याच्या मुखात एक लाकडी ठोकळा बसवलेला असतो. हा ठोकळा बहुधा सीडरचा असतो, कारण ते लाकूड श्वासातला ओलावा शोषून घेते आणि तरीही आपला आकार फारसा सोडत नाही. ठोकळा आणि नळीची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद वाट राखलेली असते. तिच्यातून श्वास चपट्या झोतासारखा पुढे जातो, समोरच्या धारदार कडेवर आदळतो आणि नळीतली हवा कंप पावू लागते. आडव्या बासरीवर हा झोत वादक स्वतःच्या ओठांनी घडवतो. त्याची जाडी, त्याचा कोन आणि कडेपासूनचे त्याचे अंतर तो क्षणोक्षणी बदलू शकतो, आणि म्हणूनच स्वर न हलवता आवाज वाढवणे किंवा कमी करणे त्याला साधते. रेकॉर्डरवर हे सगळे वाद्य घडवणाऱ्या कारागिराने आधीच ठरवून टाकलेले असते. वादकाच्या ओठांना काही काम उरत नाही. त्याच्यापाशी राहतात तीनच साधने: श्वास, बोटे आणि जीभ.

या तिघांपैकी जिभेचे महत्त्व ऐकणाऱ्याच्या सर्वांत उशिरा लक्षात येते आणि एकदा आले की ते वाद्य पहिल्यासारखे ऐकूच येत नाही. रेकॉर्डरचा श्वासमार्ग इतका मोकळा असतो, की जिभेची अगदी सूक्ष्म हालचालही स्वराच्या आरंभी स्पष्ट ऐकू येते. व्हेनिसच्या सिल्वेस्त्रो गानास्सी याने १५३५ मध्ये या वाद्यावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकार जसा रंगांनी निसर्गाचे अनुकरण करतो, तसे वादकाने मानवी आवाजाचे अनुकरण करावे, असे तो आरंभीच सांगतो, आणि मग जिभेचे बोल देतो: कठोर ‘ते-के’, मधला ‘ते-रे’ आणि मृदू ‘ले-रे’. पुढे १७०७ मध्ये पॅरिसमध्ये झाक ओतेतेर याने आडवी बासरी, रेकॉर्डर आणि ओबो यांवर पुस्तक लिहिले. त्यात ‘तू’ आणि ‘रू’ या दोन बोलांची आलटून-पालटून योजना आहे, आणि कोणत्या लयीत कोणत्या जागी कोणता बोल यावा याचे नियमही आहेत. या बोलांमुळे समान लांबीचे दोन स्वर समान राहत नाहीत. एक टेकतो आणि दुसरा त्याच्याकडून निसटून पुढे जातो. संगीतातले वजन येथे आवाजाच्या मोठेपणातून येत नाही, स्वराच्या सुरुवातीच्या धारेतून आणि दोन स्वरांमध्ये सोडलेल्या शांततेच्या लांबीतून येते. एखादा स्वर ठसवायचा असेल तर त्याच्या आधीचा स्वर केसभर लवकर संपवायचा. मग तीच शांतता पुढच्या स्वराला उचलून धरते. पियानोच्या आधीचे, तारा छेडून वाजणारे पट्ट्यांचे वाद्य म्हणजे हार्पसिकॉर्ड; त्यावरही पट्टी जोरात दाबल्याने आवाज वाढत नाही, आणि तिथेही वादक हीच युक्ती वापरतो. हार्पसिकॉर्डला मात्र या कारणाने कोणी खेळणे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बोटांचे कामही वरवर दिसते तितके सोपे नाही. रेकॉर्डरला समोर सात आणि मागे अंगठ्यासाठी एक अशी आठ छिद्रे असतात. वरच्या सप्तकात जाताना अंगठ्याचे छिद्र नखाच्या आधाराने किंचित उघडावे लागते, आणि ही फट किती असावी हे प्रत्येक स्वरागणिक आणि प्रत्येक वाद्यागणिक बदलते. शिवाय एकच स्वर अनेक प्रकारे काढता येतो. हलके फुंकल्यामुळे उतरू लागलेला स्वर एखादे छिद्र जरासे उघडे ठेवून वर ओढता येतो, आणि जोरात फुंकल्यामुळे चढू लागलेला स्वर खालची एखादी-दोन छिद्रे झाकून खाली आणता येतो. म्हणजे ज्याला आपण ‘या वाद्यावर अशक्य’ म्हणतो, तो लहानमोठा आवाज चांगल्या वादकाला मर्यादित प्रमाणात का होईना साधतो. मात्र त्यासाठी श्वासाच्या प्रत्येक बदलाबरोबर बोटांची ठेवणही बदलावी लागते. बरोक काळातले, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातले, फ्रेंच वादक लांब स्वरावर छिद्राच्या कडेशी बोट हलकेच आपटत राहून कंपन निर्माण करत. श्वासाने दिलेल्या कंपनापेक्षा त्याचा रंग निराळा आहे, कारण त्यात स्वर मूळ जागेपासून फक्त खालच्या बाजूला लवतो आणि परत येतो.

इतके लक्षात घेतल्यावर याकोब फान आइक या माणसाकडे वळता येते. माझ्या मते रेकॉर्डरच्या एकल संगीतातली सर्वांत मोठी ठेव त्याचीच आहे. तो जन्मांध होता. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात तो चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटांचा वादक म्हणून नोकरीला होता. घंटेच्या नादात मुख्य स्वराखेरीज आणखी कोणकोणते स्वर दडलेले असतात हे त्याला नेमके ऐकू येत असे, आणि या ज्ञानाचा उपयोग त्याने ओतकाम करणाऱ्या हेमोनी बंधूंना घंटांचे स्वर जुळवून देण्यासाठी केला. १६४४ मध्ये झुटफेन येथे या सहकार्यातून तयार झालेला घंटांचा संच हा अचूक स्वरांत लावलेला पहिला संच मानला जातो. अशा कानाचा हा माणूस संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला आलेल्या लोकांसाठी हातातला छोटा रेकॉर्डर वाजवत असे. १६४९ मध्ये त्याचा पगार वाढवण्यात आला, आणि त्या वाढीला जोडलेली अट अशी होती, की त्याने अधूनमधून आवारातल्या लोकांना आपल्या छोट्या बासरीने रिझवावे. नगराने एका वादकाला उघड्यावर एकट्याने वाजवण्यासाठी पैसे द्यावेत, इतकी त्या वाद्याची तेव्हा मातब्बरी होती.

फान आइकने सांगायचे आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचे, अशा रीतीने त्याचा संग्रह तयार झाला आणि १६४० च्या दशकात आम्स्टरडॅममध्ये छापला गेला. ‘बासरीची आनंदवाटिका’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे आणि त्यात सुमारे १४० धुना व त्यांवरील विस्तार आहेत. एकाच रचनाकाराने एकाच सुषिर वाद्याच्या एकल वादनासाठी रचलेला एवढा मोठा संग्रह युरोपीय संगीतात दुसरा नाही. धुना त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या आहेत: चर्चमधली स्तोत्रे, नाचाच्या चाली, इंग्लंडहून आलेली गाणी. आधी धून साधी येते. मग तिच्या प्रत्येक लांब स्वराचे दोन तुकडे होतात, पुढच्या फेरीत चार, त्यापुढे आठ. धुनेचा सांगाडा तोच राहतो आणि त्यावरची वीण दाट होत जाते. साथीला काहीही नाही. ना तंतुवाद्य, ना हार्पसिकॉर्ड.

येथे ऐकणाऱ्याचा कान कसा कामाला लागतो ते पाहण्यासारखे आहे. इंग्रज रचनाकार जॉन डाउलंडच्या प्रसिद्ध अश्रुगीतावर फान आइकने केलेला विस्तार घ्या. पहिल्या फेरीत उतरत्या चार स्वरांची ती ओळ मनात ठसते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वादक तिच्याभोवती इतके स्वर पेरतो की मूळ ओळ आता प्रत्यक्ष कुठेही सलग वाजत नाही. तरी ती ऐकू येतच राहते, कारण द्रुत स्वरांच्या गर्दीत कोणता स्वर मूळ धुनेचा आहे हे वादक जिभेच्या बोलाने आणि अर्ध्या क्षणाच्या थांब्याने दाखवत असतो. खालच्या सप्तकातले रेकॉर्डरचे स्वर मऊ आणि दबके असतात, वरचे स्वर उजळ आणि ठळक. फान आइक एकच ओळ झटपट खाली-वर फेकतो तेव्हा दोन वादक एकमेकांना उत्तर देत असल्याचा भास होतो. आवाज लहानमोठा करण्याची सोय त्याला मोकळेपणाने मिळाली असती तर त्याने कदाचित हे केले नसते. स्वीडनचे डान लाउरिन यांनी हा संग्रह समग्र ध्वनिमुद्रित केला आहे. सगळे एका बैठकीत ऐकण्याची काहीच गरज नाही. चर्चच्या आवारात फिरणाऱ्यांनीही ते एका वेळी थोडेच ऐकले असणार.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाद्यच बदलले. जुना रेकॉर्डर बहुधा एकसंध लाकडाचा आणि आतून रुंद होता. फ्रान्समध्ये, ओतेतेर घराण्याच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या कारागिरीतून, तो तीन तुकड्यांचा झाला, आतली नळी खाली निमुळती होत गेली, आवाज अधिक एकाग्र आणि पल्ला दोन सप्तकांहून थोडा जास्त झाला. लंडनमध्ये पीटर ब्रेसान आणि स्टेन्सबी पितापुत्र, न्यूरेम्बर्गमध्ये डेनर कुटुंब यांनी घडवलेली वाद्ये आजही मापे घेण्यासाठी प्रमाण मानली जातात. या काळात नुसते ‘फ्लूट’ म्हटले की आल्टो, म्हणजे मध्यम आकाराचा, रेकॉर्डर समजला जात असे; आडव्या बासरीचा उल्लेख करायचा तर ‘आडवी’ असे वेगळे सांगावे लागे. वाद्याचा प्रभाव किती होता याची एक नोंद मला फार आवडते. १६६८ मध्ये इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस लंडनमध्ये एक नाटक पाहायला गेला. त्यात देवदूत खाली उतरतो त्या प्रसंगी सुषिर वाद्ये वाजली. ते संगीत इतके गोड होते की पूर्वी पत्नीच्या प्रेमात पडलो होतो तेव्हासारखी अवस्था झाली, असे त्याने रोजनिशीत लिहिले. आणि थोड्याच आठवड्यांत त्याने स्वतःसाठी एक रेकॉर्डर विकत घेतला.

बरोक काळातल्या एकल साहित्यात हेंडेलचे १७२० च्या दशकातले सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीच्या, अनेक भागांच्या रचना) वादकाच्या परिचयाचे असतातच. मला त्यांच्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो जर्मन रचनाकार टेलेमान, कारण तो स्वतः लहानपणापासून हे वाद्य वाजवत होता आणि ते त्याच्या लेखनात दिसते. कोणता स्वर या वाद्यावर आपोआप खणखणीत निघतो, कोणती उडी बोटांना सहज जमते, श्वास कुठे घेता येईल, हे त्याला बाहेरून शिकावे लागले नव्हते. त्याच्या ई मायनरमधल्या एका कॉन्चेर्तोत (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत) रेकॉर्डर आणि आडवी बासरी अशी दोन्ही वाद्ये एकल भूमिकेत आहेत. एक वाद्य मागे पडत होते आणि दुसरे त्याची जागा घेत होते, त्या काळात टेलेमानने दोघांना शेजारी उभे केले आणि एकालाही दुय्यम ठेवले नाही. संथ भागात तंतुवाद्ये नुसती छेडली जातात आणि वर दोन्ही बासऱ्या एकमेकींत गुंफून चालतात. एकीचा स्वर नळीसारखा सरळ, दुसरीचा धुरासारखा. शेवटच्या भागात खाली एक स्वर धरून ठेवलेला असतो आणि त्यावर पोलिश लोकनृत्याच्या वळणाची दौड सुरू होते. आडव्या बासरीसाठी त्याने लिहिलेल्या साथीविना बारा फँटसिया रेकॉर्डर वादक तीन अर्धस्वर वर चढवून वाजवतात, आणि या वाद्यावर त्या इतक्या बेतशीर बसतात की मूळ वाद्य कोणते याचा विसर पडतो.

बाखने रेकॉर्डरसाठी एकल सोनाटा लिहिला नाही, याची खंत प्रत्येक रेकॉर्डर वादकाला असते. पण १७०७-०८ च्या सुमारास, वयाच्या बाविशीत, त्याने जे मृत्यूविषयक कान्ताता (गायक आणि वाद्यमेळ यांची धार्मिक रचना) रचले त्याची सुरुवात ऐकावी. दोन रेकॉर्डर आणि दोन व्हिओला दा गाम्बा (पायांत धरून गजाने वाजवायची तंतुवाद्ये), एवढेच मुख्य वाद्यमेळात आहे. दोन्ही रेकॉर्डर जवळजवळ एकच ओळ वाजवतात, मध्येच एक थांबतो आणि दुसरा तोच स्वर धरून ठेवतो, मग पुन्हा दोघे एकत्र होतात. दोन वाद्यांच्या स्वरांतला केसाएवढा फरक त्या ओळीला एक कंप देतो. आवाज वाढत नाही, कमी होत नाही. ओळ मात्र श्वास घेत राहते. ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी दुसऱ्यात रेकॉर्डरला तुतारीसारख्या बलदंड वाद्याच्या शेजारी बसवण्याचे धाडस बाखने केले, आणि संथ भागात तुतारीला पूर्ण विश्रांती दिली. चौथ्यात दोन रेकॉर्डर आहेत. विवाल्दीच्या छोट्या रेकॉर्डरसाठीच्या कॉन्चेर्तोंत, विशेषतः सी मेजरमधल्या एकात, बोटे आणि जीभ यांच्या वेगाची कसोटी लागते. तो वेग ऐकून लोक टाळ्या वाजवतात ते योग्यच आहे, पण त्याच रचनेच्या मधल्या संथ भागात वादक रिकाम्या ओळीवर काय रचतो, यावरून मी त्याची पारख करते.

१७५० नंतर सार्वजनिक मैफली मोठ्या सभागृहांत गेल्या आणि एकाच स्वराला हळूहळू फुगवत नेण्याची आवड संगीतात प्रबळ झाली. तिथे रेकॉर्डर टिकणे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नामध्ये ‘चाकान’ नावाचे त्याचे एक भावंड हौशी वादकांमध्ये काही काळ लोकप्रिय होते, एवढे सोडले तर हे शतक या वाद्यासाठी जवळजवळ कोरे गेले. पुनरुज्जीवनाची कथा अनेक ठिकाणी वाचायला मिळते, म्हणून थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आर्नल्ड डॉलमेच यांच्याजवळ ब्रेसानने घडवलेला एक जुना रेकॉर्डर होता. १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर तो ठेवलेली पिशवी राहून गेली आणि वाद्य हरवले, तेव्हा त्यांनी स्वतःच रेकॉर्डर घडवायला घेतले. १९२५ पासून हेझलमिअर येथे त्यांनी जुन्या संगीताचा महोत्सव सुरू केला. जर्मनीत पेटर हारलान यांनी नवशिक्यांना एक स्वर सोपा जावा म्हणून छिद्रांची मापे बदलली. त्या एका सोयीपायी पुढचे कित्येक स्वर बेसूर झाले, आणि ही ‘जर्मन बोटांची’ वाद्ये शाळांमधून पसरली. युद्धानंतर बेकेलाइट आणि प्लास्टिकमुळे वाद्य अतिशय स्वस्त झाले. स्वस्ताईबद्दल मला तक्रार नाही. चांगल्या जुन्या वाद्यावरून मापे घेऊन बनवलेला आजचा प्लास्टिकचा आल्टो शिकण्यासाठी उत्तम असतो. तक्रार एवढीच, की शिकवणाऱ्यांनी जिभेचे आणि श्वासाचे शिक्षण वगळून केवळ छिद्रे झाकायला शिकवले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानांत या वाद्याचा तोच आवाज राहिला.

ती समजूत ज्यांनी मोडली त्यांत फ्रान्स ब्रुखेन यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. १९३४ मध्ये जन्मलेले हे डच वादक एकविसाव्या वर्षी हेग येथील रॉयल कॉन्झर्वेटोअरमध्ये प्राध्यापक झाले. त्यांनी अठराव्या शतकातली मूळ वाद्ये जमवली आणि त्यांवर वाजवून दाखवले, की बरोक रेकॉर्डरचा खरा आवाज शाळेतल्या वाद्यापेक्षा किती गडद आणि बोलका आहे. पुढे ऑस्ट्रेलियाचे कारागीर फ्रेड मॉर्गन यांनी त्या संग्रहातल्या वाद्यांची बारकाईने मापे घेतली, आणि आजचे अनेक कारागीर त्या आराखड्यांवरून काम करतात. ब्रुखेन यांच्या वादनात लांब स्वर मध्यावर फुगून पुन्हा ओसरत असे आणि त्याबरोबर सूरही किंचित लवत असे. समकालीन समीक्षकांना ते लकबीसारखे वाटले. माझ्या कानाला त्यात वाद्याच्या स्वभावाची कबुली ऐकू येते: श्वास बदलला की सूर बदलणार हे नाकारण्याऐवजी त्यांनी तो बदलच अर्थपूर्ण केला.

याच माणसाने त्याच काळात नव्या रचनाकारांकडून रेकॉर्डरसाठी संगीत लिहून घेतले, आणि हा योगायोग नव्हता. रेकॉर्डरवर एकोणिसाव्या शतकाचे ओझे नाही. व्हायोलिन किंवा पियानोसाठी नवे काही लिहिताना जी भव्य परंपरा मागे उभी असते, ती येथे दीडशे वर्षे तुटलेली आहे. शिवाय बोटांखाली चाव्या नसून उघडी छिद्रे आहेत, त्यामुळे बोट सावकाश सरकवून एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येते आणि अर्धस्वराहूनही सूक्ष्म अंतरे काढता येतात. बोटांची विचित्र ठेवण आणि श्वासाचा नेमका दाब जुळला की एका नळीतून एकाच वेळी दोन-तीन स्वर निघतात. वाजवता वाजवता गाता येते, जीभ थरथरवता येते, नुसता श्वास ऐकवता येतो.

इटालियन रचनाकार लुचानो बेरिओ यांनी १९६६ मध्ये ब्रुखेनसाठी लिहिलेली ‘जेस्ती’ ही आल्टो रेकॉर्डरची रचना मी या सगळ्याच्या केंद्रस्थानी ठेवते. तिच्या पहिल्या भागात वादकाची बोटे आणि त्याचे तोंड यांची फारकत केलेली आहे. बोटे टेलेमानच्या सोनाटातला एक तुकडा यंत्रासारखी पुन्हापुन्हा वाजवत राहतात, आणि तोंड मात्र त्याच्याशी संबंध नसलेले श्वासाचे, ताणाचे, जिभेचे वेगळेच आदेश पाळते. दोन्ही क्वचित जुळतात तेव्हा टेलेमानच्या ओळीचा एखादा तुकडा अचानक ऐकू येतो आणि लगेच विरतो. एरवी ऐकू येतात किंचाळ्या, अडखळते श्वास आणि मध्येमध्ये पूर्ण शांतता. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. पण रेकॉर्डर ज्यावर उभा आहे त्या दोन गोष्टी, श्वास आणि बोटे, बेरिओने सुट्या करून आपल्यापुढे मांडल्या आहेत. आणि त्या सुट्या झाल्या की कळते, चार सरळ स्वर सुरेल वाजवायलाही या दोघांना किती घट्ट एकत्र बांधावे लागते. पुढे हळूहळू बोटे आणि तोंड पुन्हा परस्परांना शोधू लागतात. या वाद्याविषयी इतका सखोल विचार मला शब्दांतही फारसा कुठे आढळला नाही.

जपानी रचनाकार माकी इशिइ यांच्या १९७५ च्या ‘ब्लॅक इन्टेन्शन’मध्ये वादक एकाच वेळी दोन रेकॉर्डर तोंडात धरतो, ओरडतो आणि मोठी घंटाथाळी वाजवतो. त्याच वर्षीच्या र्योहेई हिरोसे यांच्या ‘मेडिटेशन’मध्ये शाकुहाची या जपानी बांबूच्या बासरीची फुंकर आणि सुराची झुकती वळणे आल्टो रेकॉर्डरवर आणलेली आहेत. या दोहोंमध्ये माझी पसंती हिरोसेंना आहे. इशिइंची रचना रंगमंचावर थरारक वाटते. हिरोसेंच्या रचनेत मात्र एकेका स्वराचा आरंभ, मध्य आणि अंत यांतला फरक हाच विषय आहे, आणि तो या वाद्याच्या अंगचा आहे. लुई आन्द्रीसन यांनी ब्रुखेनसाठी लिहिलेल्या रचनाही वादकांच्या कार्यक्रमांत वारंवार असतात.

येथे एक मतभेद नोंदवायला हवा. १९७० नंतर रेकॉर्डरसाठी लिहिल्या गेलेल्या पुष्कळ रचना मला चमत्कृतींच्या यादीसारख्या वाटतात. थुंकल्यासारखा स्वर, मग दुहेरी स्वर, मग गाणे आणि वाजवणे एकत्र, मग वाद्याचे मुख काढून नुसती शिट्टी: सगळे काही करता येते म्हणून केलेले. वाद्य गंभीर आहे हे सिद्ध करण्याची घाई त्यांत जाणवते. बेरिओची रचना त्या गर्दीत उठून दिसते, कारण तिच्यातला प्रत्येक विचित्र आवाज एका प्रश्नातून येतो.

फाउस्तो रोमितेल्ली यांची १९९४ ची ‘सीस्केप’ ही अशीच उठून दिसणारी दुसरी रचना. ती ज्या वाद्यासाठी आहे ते पाहिल्यावर रेकॉर्डर म्हणून ओळखूही येत नाही. जर्मनीतल्या पेत्सोल्ड घराण्यातल्या कारागिरांनी १९७० च्या दशकात प्लायवूडच्या चौकोनी नळ्यांचे, दुमडत गेलेले मोठे रेकॉर्डर बनवायला सुरुवात केली. त्यांतला कॉन्ट्राबास, म्हणजे अतिखर्जाचा रेकॉर्डर, वादकापुढे जमिनीवर उभा राहतो. त्याचा स्वर दबका, पण छिद्रांवरच्या झडपांची टकटक, आत जाणाऱ्या हवेची सळसळ आणि लाकडाची गुणगुण यांनी भरलेला असतो. रोमितेल्लींनी त्याला ध्वनिवर्धक जोडला. मग श्वास आत घेणे आणि बाहेर सोडणे यांचीच भरती-ओहोटी होते आणि तिच्यातून क्षणभर वर आलेले स्वर पुन्हा बुडतात. आवाज लहान असणे ही ज्या वाद्याची जुनी उणीव, त्याचे सर्वांत बारीक आवाज ध्वनिवर्धकाने जवळ आणल्यावर एवढे विशाल होतात, ही गोष्ट अठराव्या शतकातल्या कोणाच्या कल्पनेतही आली नसती.

आजच्या वादकांविषयी दोन शब्द. डेन्मार्कच्या मिकाला पेट्री यांनी कितीतरी नवे कॉन्चेर्तो लिहवून घेतले. माल्कम अर्नल्ड यांचा १९८८ चा कॉन्चेर्तो त्यांच्यासाठीच आहे. नेदरलँड्सचे एरिक बोसग्राफ यांनी पिअर बुलेझ यांची मूळ क्लॅरिनेटसाठी लिहिलेली ‘दुहेरी सावलीचा संवाद’ ही रचना रचनाकाराच्या संमतीने रेकॉर्डरवर आणली. त्यांच्याच देशाच्या लूसी होर्श यांच्या पिढीत फान आइक आणि आजचा रचनाकार एकाच कार्यक्रमात येणे इतके स्वाभाविक झाले आहे, की त्याबद्दल कोणी वेगळे स्पष्टीकरणही देत नाही. वाद्य मात्र अजूनही मोठ्या सभागृहात अडचणीत येते. आधुनिक वाद्यवृंदापुढे आल्टोचे खालचे स्वर तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाहीत. अशा वेळी वाद्यवृंद लहान करावा, किंवा मोकळेपणाने ध्वनिवर्धक वापरावा. वादकाला जोरात फुंकायला लावणे हा उपाय नव्हे, कारण त्याने काय होते ते आरंभीच सांगितले आहे.

ज्यांना हे संगीत नव्याने ऐकायचे आहे त्यांनी फान आइकच्या ‘इंग्रजी बुलबुल’ या धुनेवरील विस्तारापासून सुरुवात करावी, मग बाखच्या त्या कान्तातातला पहिला भाग ऐकावा आणि नंतर टेलेमानचा तो दोन बासऱ्यांचा कॉन्चेर्तो. ‘जेस्ती’ शक्य असल्यास चित्रफितीवर पाहावी, कारण बोटे आणि ओठ वेगवेगळ्या दिशांना जात आहेत हे डोळ्यांना दिसले म्हणजे कानांना जे ऐकू येते त्याचा उलगडा होतो. आणि ‘सीस्केप’साठी मोबाइलचा स्पीकर पुरणार नाही; चांगले हेडफोन लावावेत.